'पहिल्या दहा मिनिटांत विश्वास संपादन करा' या संदेशाचा प्रतिवाद

समुपदेशनाचे काम नव्याने सुरू करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. नवा क्लायंट समोर बसला की पहिल्या दहा मिनिटांत त्याचा विश्वास संपादन करता आला पाहिजे, तेव्हा जमले नाही तर पुढे कधीच जमणार नाही, असे त्यात ठामपणे म्हटले आहे आणि त्यासाठी पाच सूत्रे दिली आहेत. 'सगळे ठीक होईल' असा धीर द्या. 'मलाही असेच झाले होते' असे सांगून जवळीक साधा. 'इथले एक अक्षरही बाहेर जाणार नाही' असे वचन द्या. डोळ्यांत डोळे घालून बोला. आणि स्वतःचा खासगी नंबर देऊन 'केव्हाही फोन करा' असे सांगा. मी लातुरात हे काम करते. माझ्याकडे वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारी मुले येतात, तशाच आसपासच्या जिल्ह्यांतल्या खेड्यांतून एस.टी.ने बायकाही येतात. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण ही सूत्रे जशीच्या तशी वापरली तर त्यांचा त्रास आधी समोरच्या माणसाला होतो, म्हणून हे सविस्तर उत्तर. यात आलेल्या व्यक्तींचे ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

आधी दहा मिनिटांचा मुद्दा. पहिली भेट महत्त्वाची असते हे खरेच आहे. पुष्कळ लोक दुसऱ्यांदा येत नाहीत आणि पहिल्या भेटीत झालेली घाई हे त्यामागचे एक कारण असते. परंतु त्या भेटीतच विश्वासाचे काम पूर्ण व्हावे, ही अपेक्षा निराळी आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये समुपदेशक आणि क्लायंट यांच्या नात्याची जी मांडणी केली, तिच्यात तीन घटक आहेत: आपण कशासाठी भेटतो आहोत यावर एकमत, त्यासाठी दोघांनी काय करायचे यावर एकमत, आणि या दोन्हींबरोबर तयार होत जाणारा जिव्हाळा. पहिल्या दोन गोष्टी बोलून, ठरवून आणि करून पाहूनच जमतात, आणि त्याला भेटी लागतात. संशोधकही हे नाते बहुधा तिसऱ्या ते पाचव्या भेटीच्या सुमारास मोजतात, आणि त्याविषयी समुपदेशकाला काय वाटते यापेक्षा क्लायंटला काय वाटते यावरून पुढच्या परिणामाचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो, असे आढळले आहे. 'आज छान सूर जुळले' असे आपल्याला वाटले, म्हणून ते समोरच्यालाही वाटले असेल असे धरून चालता येत नाही.

पाचही सूत्रांत सर्वांत घातक सूत्र गुप्ततेच्या वचनाचे आहे. 'एक अक्षरही बाहेर जाणार नाही' हे वचन कोणत्याही समुपदेशकाला पाळता येण्यासारखे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे, पण त्याच कलमात अपवादही दिले आहेत: जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा संभव असेल तर माहिती सांगता येते, आणि इजा टाळण्यासाठी ती सांगायची तेव्हाही गरजेपुरतीच सांगायची असते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यातील कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे. पहिल्या दिवशी संपूर्ण गुप्ततेचे वचन दिले आणि चौथ्या भेटीत एखाद्या मुलीने घरातल्याच माणसाबद्दल सांगितले, तर समुपदेशकाला कायदा तरी मोडावा लागतो किंवा शब्द तरी. त्या मुलीचा विश्वास एका मोठ्या माणसाने आधीच मोडलेला असतो.

म्हणून मर्यादा आधी सांगावी, सोप्या शब्दांत सांगावी आणि शक्य असेल तर घरच्यांच्या समोर सांगावी. 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा देणारा, एकोणीस वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. मी प्रश्न मुलाला विचारत होते आणि उत्तरे वडील देत होते. मुलगा मांडीवरच्या सॅकची चेन बोटभर उघडायचा आणि परत लावायचा. वडिलांना बाहेर बसण्याची विनंती करण्याआधी मी दोघांसमोर म्हणाले, "काका, हा इथे येतोय की नाही, एवढे मी तुम्हाला सांगेन. काय बोलला ते सांगणार नाही. त्याच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मात्र सांगेन, आणि तुम्हाला सांगण्याआधी त्याला सांगेन." वडिलांना ते फारसे पटले नाही. मुलगा काहीच बोलला नाही. दुसऱ्या भेटीत त्याने बोलता बोलता सांगितले की तीन दिवस तो क्लासला गेलेला नाही. तिसऱ्या भेटीत आल्या आल्या त्याने विचारले, "मॅडम, पप्पांशी बोललात का?" मी म्हणाले, "त्यांचा फोन आला होता. तू दोन्ही वेळा आलास, एवढेच सांगितले." तो जरा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "मी क्लास बुडवलाच नव्हता. घरी कळतंय का, ते बघत होतो." त्यानंतर, रात्री दोन वाजता पुस्तकापुढे बसल्यावर त्याच्या मनात काय काय येते, ते तो पहिल्यांदा बोलला. लातुरात खोली करून राहणाऱ्या मुलांना घरमालक, क्लासचे सर, मेसच्या काकू, असा प्रत्येक मोठा माणूस घरी कळवणाराच वाटतो, आणि बहुतेक वेळा तो तसा असतोही. माझे शब्द त्याने घरून आलेल्या फोनशी ताडून पाहिले, हे त्याने योग्यच केले.

धीर देण्याचे सूत्र वरवर निरुपद्रवी दिसते. कर्जापायी नवरा गेलेली बाई जेव्हा माझ्यासमोर बसते, तेव्हा 'सगळे ठीक होईल' हे वाक्य तिने भावकीकडून, सरपंचाकडून आणि भेटीला आलेल्या पुढाऱ्याकडून ऐकलेले असते, आणि तरीही वसुलीचा माणूस दारात येऊन गेलेला असतो. तिला आणखी एक अनुभव आलेला असतो. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या सरकारी मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा, पंचनामा अशा कागदांवरून ठरते. पात्र ठरले तर ३० हजार हाती पडतात आणि ७० हजार ठेवीत जातात. तोवर तलाठ्यापासून पोलिसांपर्यंत सर्वांनी हातात पेन घेऊन तिला प्रश्न विचारलेले असतात, आणि एखादे उत्तर इकडचे तिकडे झाले तर काय होते हेही तिच्या कानावर आलेले असते. तिच्यापुढे मीही पेन उघडून 'झोप कशी लागते?' असे विचारू लागले, तर ती मला त्यांच्यातलीच एक समजणार. एकीने स्पष्टच विचारले होते, "माय, हे लिहून कुटं जाणार हाय?" मी वही तिच्याकडे फिरवली, लिहिलेल्या चार ओळी वाचून दाखवल्या, आणि वही ज्या कपाटात राहते ते कपाट व त्याचे कुलूप दाखवले. त्या दिवशी याहून फारसे काही झाले नाही, आणि मी ते होऊ देण्याची घाईही केली नाही.

पाऊस, सोयाबीनचा भाव, बँकेची नोटीस यांतले काहीच माझ्या हातात नाही, आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. माझ्या हातात आहे ते मी सांगते: दर मंगळवारी अकरा वाजता एक तास, झोपेसाठी डॉक्टर लागले तर सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी, आणि ती घेऊन एकटीने जायची भीती वाटत असेल तर सोबत कोण येईल याचा विचार. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये समुपदेशनातून बदल घडण्यासाठी ज्या अटी मांडल्या, त्यांत समजून घेणे आणि बिनशर्त स्वीकारणे यांच्या जोडीला समुपदेशकाचा खरेपणाही आहे. जे घडेल की नाही हे मला माहीत नाही, ते घडेलच असे सांगणे त्या खरेपणात बसत नाही.

'मलाही असेच झाले होते' या वाक्याने बोलणे क्लायंटवरून समुपदेशकावर सरकते, आणि मग समोरची व्यक्ती स्वतःचे दुःख बाजूला ठेवून समुपदेशकाचीच विचारपूस करू लागते. याचा अर्थ स्वतःविषयी तोंड उघडायचेच नाही, असा मात्र नाही. मराठवाड्यात "तुमचं गाव कोणतं?" याचे उत्तर मिळाल्याशिवाय बोलणे पुढे जात नाही, आणि पाठोपाठ आडनाव विचारले जाते. तिथे "तुम्हाला हे का जाणून घ्यावेसे वाटते?" असा प्रशिक्षणात शिकवलेला उलट प्रश्न केला, तर ती बाई मनातून उठून गेलेली असते. ह्यांची सोयरीक आपल्या नात्यात कुठे निघते का, आपले बोलणे नणंदेच्या कानावर जाईल का, हे तिला पाहायचे असते. आडनावावरून जातही कळते आणि ती कळल्यावर काही जण आखडतात, हेही मान्य केले पाहिजे. मी गाव आणि आडनाव सांगते. नात्याचा धागा निघालाच तर तो तिथल्या तिथे बोलून दाखवते, आणि दुसऱ्या मॅडमकडे जायचे असेल तर त्यांना कळवून ठेवते. काही जणी जातात, आणि त्यांचे चुकत नाही.

डोळ्यांत डोळे घालण्याबद्दल फार लिहायला नको. मोठ्यांपुढे मान खाली घालून बसण्याची सवय असलेल्या सुनेला ती रोखलेली नजर धाकाची वाटते. मी खुर्च्या समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवते, म्हणजे बोलणाऱ्याला खिडकीकडे पाहता येते.

आता खासगी नंबर. 'केव्हाही फोन करा' असे म्हणणारी मी रात्री एक वाजता झोपलेली असेन, आणि तेव्हा न उचललेला एक फोन आधीच्या सगळ्या भेटींवर पाणी फिरवेल. म्हणून मी माझ्या फोनच्या वेळा सांगते आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून देते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बाबतीत तर हे फार आधी ठरवावे लागते, कारण दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी गेली की कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, माणूस उसाच्या फडात असतो, आणि त्या पाच-सहा महिन्यांत कोणत्या वारी, किती वाजता बोलायचे हे निघण्यापूर्वी पक्के केले नसेल तर धागा तुटतोच.

शिवाय नंबर देण्यापेक्षा घेताना जास्त जपावे लागते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एक बाई ठरलेल्या वेळी आली नाही, म्हणून मी फॉर्मवरच्या नंबरवर फोन लावला. तो तिच्या दिराने उचलला, आणि कोण बोलतेय असे विचारल्यावर मी सवयीने नाव सांगितले, केंद्राचेही सांगितले. ती बाजाराच्या नावाखाली कुठे जाते, हे त्या दिवशी घरात सगळ्यांना कळले. महिनाभर ती आली नाही. आली तेव्हा मी कोणतेही कारण पुढे केले नाही, "चूक माझी झाली. फोन कुणाच्या हातात असतो हे मी विचारायला पाहिजे होते, विचारले नाही," एवढेच म्हणाले. ती काही न बोलता बसली. समोरचे पाणी प्याली. मग पिशवीतून शाळेच्या वहीचे घडी घातलेले पान काढून तिने टेबलावर ठेवले. त्यावर लहान मुलीच्या अक्षरात एक नंबर लिहिलेला होता.

"ह्यो लेकीपाशी असतो, मॅडम," ती म्हणाली. "पाचच्या म्होरं करत जा, ती साळंतून आल्यावर."