सोंग नेमकं कुणाचं?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा आला, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या तीन वेगवेगळ्या काकांकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘परदेशात शास्त्रज्ञ आता ड्रॅग करून, म्हणजे बायकी कपडे घालून, आदिवासींमध्ये संशोधन करणार म्हणे. विज्ञान तटस्थ असतं, त्याला नाटक लागत नाही. ही आपली संस्कृती नाही. आणि बिचाऱ्या आदिवासींची थट्टा होते ती वेगळीच.’

संस्कृतीचं आधी उरकून घेऊ. यातल्या एका काकांच्या दिवाणखान्यात बालगंधर्वांचा शालू-नथीतला फोटो आहे. त्यांचं पाहून घरंदाज बायका नेसायला शिकल्या, हे कौतुकाने सांगतात तेही काकाच. एकनाथांनी तर ‘दादला नको’ म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून भारूड रचलं. बास.

‘बायकी कपडे’ हेही अर्धवट. बाईने पुरुषाचं सोंग घेतलं तरी ते ड्रॅगच. चालणं, बोलणं, रुबाब या गोष्टी आपण रोज अंगावर चढवतो, हे फुगवून दाखवायचं, एवढाच त्यातला डाव. शास्त्रज्ञ तरी वेगळं काय करतो? जीप, गळ्यातलं ओळखपत्र, हातातलं पॅड, आणि ‘आम्ही विचारू, तुम्ही सांगा’ हा सूर. ड्रॅग करून संशोधन म्हणजे हे सोंग इतकं वाढवायचं की ते त्याचं त्यालाच दिसावं.

आता तटस्थता. यासाठी परदेशात जायलाच नको. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि आपल्या वडोदरा जिल्ह्यात शाळकरी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची, लस दिली गेली. कवांटचा आदिवासी भाग तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होता. अमेरिकी संस्था पाथ आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांचा तो प्रकल्प एप्रिल २०१० मध्ये थांबवला गेला. लस वाईट, असं मी म्हणत नाही. त्या काळात काही मुली दगावल्या, पण त्यांच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही. मात्र खम्मममध्ये संमतीच्या कागदांवर पालकांच्या जागी वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने म्हटलं की हा ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ नव्हे, ही चाचणीच होती. म्हणजे चाचणीने लसीकरणाचा पोशाख घातला होता. सोंगच ते, फक्त हसू न येणारं. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी हवासुपाई या मूळनिवासी जमातीच्या लोकांचं रक्त १९९० पासून मधुमेहाच्या नावाने घेतलं आणि स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या अभ्यासालाही वापरलं. २०१० मध्ये विद्यापीठाला ७ लाख डॉलर द्यावे लागले, उरलेले नमुनेही परत करावे लागले.

मी स्वतः कॉलेजात असताना कवांटच्या बाजूला तीन दिवस एका सर्व्हेत मदतनीस होतो. दुसऱ्या दिवशी राठवा जमातीतल्या एका डोशीमाने, म्हणजे म्हातारीने, माझ्या हातून पॅड काढून घेतलं, पदर कमरेला खोचला, माझी टोपी डोक्यावर ठेवली आणि शेजारणीसमोर उकिडवी बसली. ‘नाम? उंमर? संडास छे?’ शेजारीण तोंड उघडायच्या आत ही पेन टेकवून पुढच्या प्रश्नावर. एकदाही मान वर केली नाही. अंगण हसून लोटपोट. मीही हसलो, पण कान तापले होते, कारण नक्कल तंतोतंत होती. मान वर न करण्याची माझी सवय मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी दाखवली नव्हती.

तेव्हा ‘बिचाऱ्या आदिवासींना’ सोंग कळणार नाही, ही काळजी काकांनी सोडावी. मेवाडचे भिल्ल गवरी हे लोकनाट्य खेळतात, चाळीस दिवस. त्यात बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात, आणि सावकार-अंमलदारांची टिंगल तर हमखास.

थट्टेच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. उद्या एखादा प्राध्यापक मोरपिसांचा टोप घालून आदिवासी म्हणून नाचला, तर मी काकांच्या बाजूने. सोंग काढायचं ते आपल्या साहेबीचं. शिवाय ड्रॅग ज्या समलैंगिक-ट्रान्स लोकांनी मार खाऊन जगवलं, त्यांना बाजूला सारून ते वर्कशॉपपुरतं उसनं आणणं मलाही खटकतं. आणि सोंग उतरल्यावर संमतीचा कागद गावाच्या भाषेत वाचून दाखवावा लागतोच, ‘नाही’ ऐकून परत फिरावंही लागतं.

आमच्या त्या सर्व्हेचा कागद इंग्रजीत होता. डोशीमाचा अंगठा मीच घेतला.