चाळिशीनंतर भाषा येते, वेळ लागतो
‘चाळिशीनंतर नवी भाषा डोक्यात शिरत नाही, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नये’ हे एका लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. मी ४६व्या वर्षी जपानी शिकायला घेतली. ठाण्याहून तुर्भ्याला ऑफिसला जाताना ऐरोलीपर्यंत पाच नवी अक्षरं, कोपरखैरण्यापर्यंत उजळणी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने काढलेली कार्डं. त्यांच्या कडा आता अगदी मऊ पडल्यात.

पहिल्यांदा एन-५ ला, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेच्या सगळ्यात सोप्या पातळीला, नापास झाले. पास व्हायला १८० पैकी ८० लागतात, मला ९४ होते. पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९ हवेतच, तिथे १५. त्या रात्री खूप रडले. मग ठरवलं, कुकर लावल्यापासून शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत फक्त जपानी ऐकायचं. दुसऱ्या खेपेला ऐकण्यात ३४ मिळाले.

आणि आपली मराठी केवढी मदतीला येते! ‘मिझु ओ नोमिमास’ म्हणजे पाणी पिते, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. ‘तोक्यो नी’ म्हणजे तोक्योला, ‘तोक्यो कारा’ म्हणजे तोक्योहून. हिरागाना या जपानी लिपीचा आ-ई-ऊ-ए-ओ, का, सा, ता, ना हा क्रमही बौद्ध भिक्खूंनी नेलेल्या सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासातून आलेला. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हं, मात्र अजून छळते. झाडाचं एक चिन्ह, दोन झाली की राई, तीन झाली की जंगल, इतकं सोपं पुढे राहत नाही. डिसेंबरच्या एन-४ चा, म्हणजे पुढच्या पातळीचा, फॉर्म भरलाय.