बालेवाडीत हरलेला बेंजामाँ बोंझी

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपन या टेनिस स्पर्धेची शेवटची फायनल झाली. नेदरलँड्सचा टॅलन ग्रीक्सपूर वि. फ्रान्सचा बेंजामाँ बोंझी. अव्वल मानांकित मारिन चिलिच दुखापतीमुळे मधेच बाहेर पडला आणि 'आता बघायला उरलंय काय' असं म्हणत बऱ्याच जणांनी पाठ फिरवली. माझं मत अगदी उलट आहे. पुण्यात एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या) ज्या पाच स्पर्धा झाल्या, त्यांतली या धंद्याचं खरं रूप दाखवणारी फायनल तीच होती.

२०२१ मध्ये ग्रीक्सपूरने एका वर्षात आठ चॅलेंजर स्पर्धा (एटीपीच्या मुख्य स्पर्धांखालची पायरी) जिंकल्या. तो विक्रम होता. त्याच वर्षी बोंझीने सहा जिंकल्या: दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूम, चेकमध्ये ऑस्ट्राव्हा, स्पेनमध्ये सेगोविया आणि फ्रान्समध्येच कासी, रेन, सँ-त्रोपे. म्हणजे दुसऱ्या फळीतले त्या वर्षीचे दोन सर्वांत यशस्वी खेळाडू पुण्यात एकमेकांसमोर होते आणि दोघांकडेही एटीपीचं एकही विजेतेपद नव्हतं. बोंझीने पहिला सेट ६-४ घेतला, पुढचे दोन ५-७, ३-६ गेले. जिंकणाऱ्याला क्रमवारीचे २५० गुण, हरणाऱ्याला १५०.

सहा चॅलेंजर म्हणजे नेमकं काय, हे टीव्हीवर फक्त ग्रँड स्लॅम बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ३२ जणांचा ड्रॉ, जिंकायचं तर पाच सामने. सहा स्पर्धा म्हणजे अशा सहा आठवड्यांत तीस सामने, एकही न हरता. त्या काळी 'चॅलेंजर ८०' जिंकली की ८० गुण मिळायचे आणि ग्रँड स्लॅममध्ये फक्त पहिली फेरी जिंकली तरी ४५. पैशाचं गणित त्याहून वाकडं. २०२५ मध्ये विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ६६ हजार पौंड मिळाले, यूएस ओपनमध्ये १ लाख १० हजार डॉलर. चॅलेंजर जिंकून एवढी रक्कम जमवायची तर मधे बरीच विमानं बदलावी लागतात.

म्हणून या मंडळींचं सगळं आयुष्य एका आकड्याभोवती फिरतं: १०४. ग्रँड स्लॅमच्या १२८ जागांपैकी १०४ थेट क्रमवारीवर, १६ क्वालिफायिंगमधून (पात्रता फेऱ्यांतून), ८ वाइल्ड कार्डने (आयोजकांनी थेट दिलेल्या जागा). यादी लागते स्पर्धेच्या सहा आठवडे आधीच्या क्रमवारीवर. मे महिन्यात तुम्ही ९५ वे असाल, पण एप्रिलमध्ये ११८ वे होतात, तर रोलाँ गारोसला (फ्रेंच ओपनला) क्वालिफायिंगच खेळायचं. तिथे तीन सामने जिंकले की चौथा सामना म्हणजे मुख्य ड्रॉची पहिली फेरी. हरलात तरी सामान लगेच बांधायचं नसतं. शेवटच्या फेरीत हरलेले लकी लूजरच्या रांगेत नाव लावून थांबतात, सकाळपासून तयार होऊन. कोणी आयत्या वेळी माघार घेतली तर जागा यांना, आणि माघार घेणारा जागेवर असेल व नियमात बसत असेल तर पहिल्या फेरीचे पैसे दोघांत अर्धे-अर्धे. हा नियम २०१८ पासूनचा, आणि चांगला आहे; त्याआधी जखमी खेळाडू केवळ चेकसाठी कोर्टवर उतरून दोन गेममध्ये सामना सोडायचे. लकी लूजरचं सोनं करणारा माणूसही फ्रेंचच. स्तेफान रोबेर २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये असा आत आला आणि थेट चौथ्या फेरीत अँडी मरेसमोर उभा राहिला. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता.

बोंझीकडे परत येऊ. जन्म १९९६, शहर नीम. २०१४ मध्ये कांतँ आलीसबरोबर रोलाँ गारोसचं ज्युनियर दुहेरी विजेतेपद. इथपर्यंत सगळं गोजिरं. ज्युनियर चषकाचा सीनियर क्रमवारीत उपयोग मात्र जवळपास शून्य. तिथून आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) छोट्या स्पर्धा, मग चॅलेंजर, मग क्वालिफायिंग. २०१७ मध्ये रोलाँ गारोसचं वाइल्ड कार्ड मिळालं, पहिल्या फेरीत समोर डॅनिल मेदवेदेव. मेदवेदेवने चौथ्या सेटमध्ये सामना सोडला आणि बोंझी दुसऱ्या फेरीत गेला. त्यानंतर पहिल्या शंभरात यायला त्याला २०२१ उजाडलं.

आता 'वाइल्ड कार्ड मिळालं' या तीन शब्दांत फ्रान्सचं अर्धं टेनिस आहे. रोलाँ गारोस फ्रेंच फेडरेशनचं स्वतःचं. वाइल्ड कार्डं त्यांच्या हातात. शिवाय ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेशी अदलाबदल ठरलेली, त्यामुळे तिथलंही एकेक कार्ड फ्रेंच खेळाडूला. त्या स्पर्धेच्या उत्पन्नातून देशभरातल्या छोट्या स्पर्धांना बळ मिळतं. कँपेर, शेरबुर, पो, बोर्दो, एक्स-आँ-प्रोव्हान्स, रेन, कासी, सँ-त्रोपे, ऑर्लेआँ, ब्रेस्त... वर्षाला डझनाहून जास्त चॅलेंजर. बहुतेक ठिकाणी रेल्वेने जाता येतं. २०१९ पासून मुख्य ड्रॉमधल्या खेळाडूंचं हॉटेल स्पर्धेकडे. वरून फ्रेंच क्लबांची लीग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणि जर्मनीची बुंडेसलिगा उन्हाळ्यात. त्यात क्रमवारीचे गुण नाहीत, पण रोख पैसे आहेत. कोचची तिकिटं, फिजिओ, प्रत्येक सामन्याआधी दोन-तीन रॅकेटचं नवं गटिंग (तारा बसवणं), हे सगळं अशाच पैशांतून निघतं.

याच्यासमोर आपलं चित्र ठेवा. २०२३ मध्ये सुमित नागल भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना त्याने जाहीरपणे सांगितलं की वर्षाचा खर्च ८० लाख ते एक कोटी, तोही फक्त एक कोच सोबत घेऊन, आणि खात्यात उरलेत सुमारे ९०० युरो. गुणवत्तेवरची चर्चा नंतर करू. आपल्या मुलाला पहिल्या स्पर्धेला जायला व्हिसा लागतो, फ्रेंच मुलाला रेल्वेचं तिकीट. फरक इथूनच पडायला लागतो.

बरं, क्रमवारीत चढणं एक आणि तिथे टिकणं दुसरं. पुण्याचे १५० गुण खिशात, त्यानंतर फेब्रुवारीत मार्सेयची फायनल (ह्युबर्ट हुरकाचकडून हार), आणि त्याच महिन्यात बोंझी ४२ व्या क्रमांकावर. कारकिर्दीतला सर्वोच्च. पण गुणांचं आयुष्य फक्त बावन्न आठवडे. दोन फायनलचे मिळून तीनशे गुण जानेवारी-फेब्रुवारीत कमावले की पुढच्या वर्षी त्याच दोन महिन्यांत ते परत कमवायचे, नाहीतर खाली घसरायचं. आणि ४२ वर असताना तुम्ही चॅलेंजर सोडून मोठ्या स्पर्धांत खेळता, जिथे पहिल्याच फेरीत वीस-पंचवीस क्रमांकाचा माणूस समोर येतो. चार-पाच आठवडे पहिल्या फेरीत हरलात की जुने गुण उडतात आणि नवे येत नाहीत. बोंझीचं तेच झालं. तो शंभराबाहेर गेला. गंमत म्हणजे तोवर पुण्याची स्पर्धाच कॅलेंडरवर उरली नव्हती. २०२४ पासून तो आठवडा हाँगकाँगला गेला.

नोव्हेंबर २०२४, फ्रान्समधलं मेट्झ. बोंझी क्वालिफायिंगमधून आत आला. वाटेत कॅस्पर रूडला हरवलं, फायनलमध्ये कॅमरून नॉरीला ७-६, ६-४. अठ्ठाविसाव्या वर्षी पहिलं एटीपी विजेतेपद. 'सातत्य नाही' म्हणणाऱ्यांनी हा आठवडा बघावा: क्वालिफायिंगपासून शेवटपर्यंत सलग जिंकत जाणं म्हणजे सातत्य नाही तर काय? (मेट्झची स्पर्धाही २०२५ नंतर बंद. ज्या गावांत या माणसाची नोंद झाली ती गावंच नकाशावरून पुसली जातायत.)

२०२५ मध्ये लोकांना तो एकदम माहीत झाला, तेही चुकीच्या कारणाने. विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत त्याने मेदवेदेवला चार सेटमध्ये हरवलं. आठ आठवड्यांनी यूएस ओपनची पहिली फेरी, पुन्हा मेदवेदेव. दोन सेट बोंझीचे, तिसऱ्यात मॅच पॉइंट, पहिली सर्व्हिस चुकलेली, आणि एक फोटोग्राफर कोर्टवर चालत आला. पंचांनी पहिली सर्व्हिस परत दिली. मेदवेदेवने प्रेक्षकांना पेटवलं आणि खेळ सहा मिनिटं थांबला. तो सेट टायब्रेकमध्ये गेला, चौथा ०-६. पाचवा बोंझीने ६-४ घेतला. क्लिप फिरली ती मेदवेदेवच्या तमाशाची. मला त्या सामन्यातला ०-६ नंतरचा सेट जास्त महत्त्वाचा वाटतो. हजारोंची हुर्यो अंगावर घेऊन, एक सेट शून्यावर गमावून, परत पहिल्या गेमपासून सर्व्हिस शाबूत ठेवायची हे कोणी अकादमीत शिकवत नाही. पुढच्या फेरीत मार्कोस गिरॉनलाही पाच सेटमध्येच हरवलं, मग तिसऱ्या फेरीत आपल्याच देशाच्या आर्थर रँदरक्नेशकडून हरला. तिसऱ्या फेरीचे २ लाख ३७ हजार डॉलर. कोच आणि प्रवासाचा पुढच्या वर्षीचा प्रश्न मिटला.

एटीपीने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी आणली. त्या पहिल्या वर्षीचे आकडे: पहिल्या शंभरासाठी तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ साठी दीड लाख, १७६ ते २५० साठी ७५ हजार. कमी पडलं तर फरक एटीपी भरतं. चांगली सुरुवात, पण २५१ वा माणूस तिथेच उभा आहे.

आपल्याकडे अजूनही 'पुण्यात २५० परत आणा' (म्हणजे विजेत्याला २५० गुण देणारी एटीपी स्पर्धा) अशी मागणी होते. मला ती पटत नाही. एका आठवड्यात दोन मोठी नावं आणण्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला चेन्नई, दिल्ली, पुणे, बेंगळुरू असे जे चार चॅलेंजर होतात, त्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणखी चार जोडा. त्यातून आपल्या दहा मुलांना व्हिसाशिवाय गुण मिळतील. आणि बघायला मजा नाही म्हणणाऱ्यांसाठी: २०२४ च्या पुणे चॅलेंजरचा विजेता व्हॅलेंतिन वाशरो. मोनाकोकडून खेळणारा, तेव्हा फार कोणाला माहीत नसलेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच माणूस जगात २०४ वा असताना क्वालिफायिंगमधून येऊन शांघाय मास्टर्स जिंकला, फायनलमध्ये वर उल्लेख केलेल्या रँदरक्नेशला हरवून. रँदरक्नेश वाशरोचा मावसभाऊ की आतेभाऊ ते ज्यांना नाती जुळवायला आवडतात त्यांनी शोधावं. पुढच्या वेळी बालेवाडीला जाल तेव्हा रविवारी जा. रविवार-सोमवार क्वालिफायिंग असतं, चोवीस जण, सहा जागा, कोर्टाच्या जाळीला नाक लावून बघता येतं.