काकाजींचं लाल कुलूप

मे महिना, नागपूर, पारा पंचेचाळिसाला टेकलेला. आमच्या त्रिमूर्ती नगरातल्या सोसायटीत टाकीतलं पाणी माणसांपेक्षा कूलरच जास्त पिऊन राहिले होते. सचिव म्हणून मी नोटीस लिहिली : ‘कूलर रात्री एकदाच भरावा.’ सोसायटीच्या वेबसाइटवर टाकायला गेलो, तर लिहिता आलं, सेव्ह करता आलं, पण छापायचं, म्हणजे पब्लिशचं, बटणच गायब.

साइट जूमला नावाच्या वेबसाइट बांधायच्या सॉफ्टवेअरवर आहे. नाव स्वाहिलीतलं, अर्थ ‘सगळे मिळून’. (आमच्याकडे ऐकणाऱ्याला आधी निवडणूकच आठवते.) ती बांधून दिली पुण्यातल्या भाच्यानं. त्याला फोन लावला.

“मामा, तुम्ही ऑथर आहात. ऑथरनं फक्त लिहायचं. एडिटर दुसऱ्याचंही सुधारतो. छापतो तो पब्लिशर. काकाजींना सांगा, ते करतील.”

काकाजी म्हणजे आमचे अध्यक्ष. महसूल खात्यातून निवृत्त, आणि साइटचे एकमेव सुपर यूजर, म्हणजे सगळे हक्क त्यांच्याच हातात. त्यांनी मला लगेच पब्लिशर केलं. बटण तरी नाहीच.

मग त्यांच्या घरी बैठक. समोर तर्री-पोहे, फोनवर भाचा, पडद्यावर साइटच्या वापरकर्ता-गटांची वंशावळ. सगळ्यांत वर पब्लिक, त्याच्या पोटी रजिस्टर्ड, मग ऑथर, मग एडिटर, मग पब्लिशर. म्हणजे मी पब्लिकचा खापरपणतू. प्रत्येक हक्कासमोर तीन पर्याय : इनहेरिटेड, अलाउड, डिनाइड. काकाजींनी माझ्या पब्लिशर गटाच्या छापायच्या हक्कासमोर अलाउड केलं, सेव्ह केलं. शेजारच्या रकान्यात लाल पट्टी : नॉट अलाउड, आणि इवलंसं कुलूप. पुन्हा केलं. पुन्हा कुलूप. तिसऱ्यांदा काकाजींनी माउसच टेबलावर आपटून पाहिला.

“वर कुठं डिनाइड केलंय का?” भाचा.

“रजिस्टर्डले केलं ना. तिथं इनहेरिटेड लिहून होतं. वारसा असा आपोआप लागते का बे? अर्ज नाही, फेरफार नाही, तलाठ्याची सही नाही!”

भाच्यानं समजावलं. वरचा गप्प असेल तर खालच्याला हो म्हणता येतं. पण वरच्यानं एकदा स्पष्ट नाही म्हटलं, की खाली कितीही हो म्हणा, उपयोग नाही. म्हणे जूमलाच्या 2011 च्या 1.6 आवृत्तीपासून हे असंच आहे. आमच्या घरी ती आवृत्ती आजोबांपासून चालू आहे.

“मग ते डिनाइड काढा ना, काकाजी.”

“काढलेला आदेश मी फिरवत नाही. थांब, तुले वरून करून देतो.”

रात्री फोन आला. “पब्लिकलेच अलाउड केलं. लिहिणं न् छापणं, दोन्ही. मूळ पुरुषालेच देऊन टाकलं, आता बोल!”

लॉगिन केलं. बटण नाही. भाचा फोनवर बराच वेळ नुसता हसत होता. पब्लिकमध्ये लॉगिन न केलेला कोणीही आला. त्याला परवानगी. लॉगिन केलं की मी रजिस्टर्डच्या कुळात, आणि त्या कुळावर डिनाइड तसंच. म्हणजे झाशी राणी चौकातून जाणारा कोणताही माणूस आमच्या सोसायटीची नोटीस छापू शकत होता. सचिव सोडून.

मी लॉगआउट केलं. नोटीस नव्यानं टाइप केली, खाली ‘सचिव’ असं लिहिलं आणि बटण दाबलं.

दहा मिनिटांत काकाजी. “दिसली नोटीस. पाय, आता लॉगिन बराबर चालून राहिलं ना?”

“एकदम, काकाजी.”