घराला व्यक्तिमत्त्व कसं द्यावं

गंगापूर रोडला टू बीएचके घेतलात ना? अभिनंदन. आता त्याला व्यक्तिमत्त्व हवं. आपलं स्वतःचं नसलं तरी चालतं, पाहुणे घराचं बघतात.

आधी जुन्या नाशकातला आजोबांचा वाडा पाडायला द्या. तुळया, सागवानी खांब, कोरीव चौकट, सगळं लाकूडवाल्याला उक्तं विकून टाका. १९६९चा गोदेचा महापूर बघितलेलं लाकूड आहे, हे त्याला ऐकवू नका. त्यानं भाव वाढत नाही. भाव वाढतो पॉलिश झाल्यावर. मग त्यातलीच एखादी तुळई 'रिक्लेम्ड टीक' या नावानं दहापट किमतीत परत घ्या आणि दारापाशी बाक करा. त्यावर बसायचं नाही. बसायला प्लायचा सोफा आहेच, पहिल्या पावसाळ्यात ओल धरून फुगणारा.

तांबट लेनमधून जाताना ठोक्यांनी डोकं उठायचं? आता तोच ठोका 'हॅमर्ड फिनिश' म्हणून ऑनलाइन मागवा. आवाज येत नाही.

भिंतीसाठी वारली. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, एवढं पाहुण्यांना सांगता आलं की पुरे. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाष्णी लग्नाचा चौक लिहितात, मधोमध पालघाट देवी असते, या भानगडीत पडू नका. तुम्ही वॉलपेपर घ्या, चौरस फुटाच्या भावानं मिळतो. मधोमध टीव्ही बरोब्बर बसतो. आमच्या एका मित्राकडे तारप्यावर फेर धरलेल्या माणसांच्या ऐन मध्यात वायफायचा राउटर आहे. फेर त्याच्याभोवतीच चालू आहे असं वाटतं, आणि खरं सांगायचं तर त्या घरात ते खोटंही नाही.

जात्यावर काच टाकली की टीपॉय होतो. पैठणीची फ्रेम करा. आजीची असेल तर उत्तमच, फक्त कात्री लावताना आजी घरात नको.

आता घंगाळ. ते हवंच. आमच्याकडे गिझर आला तेव्हा आईचं घंगाळ मीच भांडी बाजारात मोडीत घातलं होतं, वर नॉनस्टिकचा तवा आणला होता. परवा नऊ हजार मोजून दुसरं आणलं, मुद्दाम काळपट ठेवलेलं. पाणी भरलं, जरबेरा सोडले. आईनं चष्मा लावून काठावरची ठिपक्यांची अक्षरं वाचली.

"सौ. द्वारकाबाईंकडून आहेर. ह्या कोण रे आपल्यात?"

"आई, ते व्हिंटेज आहे."

"बरं," म्हणाली. संध्याकाळी घरी आलो तर जरबेरा मोरीत, आणि घंगाळ चिंच-मिठानं घासून लख्ख करून गॅलरीत उपडं घातलेलं. त्या काळपटपणाचे दुकानदारानं वेगळे पैसे लावले होते.