काम सुटलं म्हणून धोका सुटत नाही: मूत्राशयाच्या कॅन्सरबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

भोसरी-चाकणच्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की मूत्राशयाचा कॅन्सर विडी-सिगारेटवाल्यांना होतो, केमिकलचा त्याच्याशी संबंध नाही. मास्क लावला की पुरे. काम सोडून पाच वर्षं झाली की शरीर शुद्ध होतं. आणि लघवी लाल झाली तर ती उन्हाळी, धणे-जिऱ्याचं पाणी प्या. मी कारखान्यांत सेफ्टीचं काम केलंय, आणि हा मेसेज वाचून कुणी तपासणी पुढे ढकलेल याची मला खरोखर भीती वाटते.

सिगारेटचा मुद्दा अर्धा खरा आहे. या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण धूम्रपानच, साधारण निम्मे रुग्ण त्याच्यामुळे. पण 1895 मध्येच फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या होत्या. पुढे बेन्झिडीन आणि 2-नॅप्थिलअमाइन ही रसायनं त्यामागे असल्याचं सिद्ध झालं. यातलं 2-नॅप्थिलअमाइन सिगारेटच्या धुरातही असतं! म्हणजे मेसेज ज्याला दोष देतो आणि ज्याला निर्दोष सोडतो, त्या दोन्हींत विष एकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रबर कारखान्यातलं काम आणि पेंटरचं काम, दोन्ही कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात ठेवली आहेत. पेंट शॉपमधल्या प्रत्येकाला कॅन्सर होईल असा याचा अर्थ नाही. बहुतेकांना होणार नाही. पण ‘संबंध नाही’ हे धादांत खोटं आहे.

पाच वर्षांत शरीर शुद्ध होतं, हा मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. ही रसायनं शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण जाताना ती कुठून जातात ते बघा. यकृतात त्यांचं रूप बदलतं, ती रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून मूत्राशयात येतात, आणि लघवी साठलेली असते तेवढे तास आतल्या अस्तराला लागून राहतात. तिथे पेशींच्या डीएनएला झालेली इजा रसायन गेल्यावरही उरते. तिची गाठ व्हायला अनेकदा वीस वर्षं लागतात, कधी चाळीस. ब्रिटनच्या रबर उद्योगात 2-नॅप्थिलअमाइनचा अंश असलेलं एक रसायन 1949 मध्ये बंद झालं, तरी ते हाताळलेल्या कामगारांना कॅन्सर होत राहिले. 1972 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या, दोन्ही कंपन्यांना जबाबदार धरलं. आपल्याकडे बेन्झिडीनच्या रंगांवर बंदी आली ती 1990 च्या दशकात. त्याआधी ज्यांनी ते हाताळले, ते आज साठी-सत्तरीत आहेत. सगळ्यात जास्त लक्ष त्यांच्याकडे द्यायला हवं, आणि मेसेज नेमकं त्यांनाच सांगतो की आता काळजी नको.

मास्क लावाच, पण अशी बरीच रसायनं कातडीतूनही आत जातात. जपानमधल्या फुकुई इथल्या एका कारखान्यात ऑर्थो-टोल्युइडीन हे रंग बनवायला लागणारं रसायन हाताळणाऱ्या काही कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर झाल्याचं 2015 मध्ये पुढे आलं. तपासात दिसलं की रबरी हातमोजे धुऊन पुन्हा वापरले जात होते आणि रसायन त्यांच्या आतून कातडीला लागत होतं. आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये हातमोज्यांचा एक जोड फाटेपर्यंत चालवतात आणि हात थिनरने धुतात, हे कुणाला सांगायला नको.

आता उन्हाळी. उन्हाळीत जळजळ होते. या कॅन्सरमध्ये बहुतेकदा काहीच दुखत नाही. एकदा लाल लघवी होते, मग आठवडे, कधी महिने साफ. धण्याचं पाणी पिऊन माणूस म्हणतो, बरं वाटलं. रक्त आपोआप थांबलं होतं, पाण्याने नाही. बायकांच्या बाबतीत तर इन्फेक्शनच्या गोळ्यांवर आणखी वेळ जातो. न दुखता एकदाही रक्त दिसलं तरी लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि डॉक्टर म्हणाले तर दुर्बिणीची तपासणी करा. वेळेत सापडलेली गाठ बऱ्याचदा अस्तरापुरतीच असते आणि दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते. नंतर गरज पडली तर मूत्राशयात बीसीजी, म्हणजे क्षयरोगाच्या लशीत असतं तेच, औषध म्हणून सोडतात. ते औषध आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनतं.

डॉक्टरांना आपलं काम सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी. 1987 मध्ये कारखाने कायद्यात घातलेल्या 41-सी कलमाने धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणं आणि त्या कामगाराला पाहू देणं मालकावर बंधनकारक केलं. तुम्ही तिथे काम केलं त्या काळातल्या नोंदी मागा. जिथे नोंदच नव्हती, अशा शेडमध्ये राबलेल्यांनी स्वतः एका कागदावर लिहून काढावं: कोणत्या साली, कुठे, कोणत्या खात्यात, डब्यावर काय नाव होतं. तो कागद दवाखान्याच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.