‘फसवणूक’ या शब्दाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सूक्ष्मजीवांच्या माझ्या छायाचित्रमालिकेवर ‘एक जिज्ञासू’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर द्यावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देते. व्हॉल्वॉक्स हे पाण्यातले गोलाकार शैवाल हिरवे असते हे शाळकरी मुलालाही ठाऊक असताना माझ्या चित्रात तो गडद निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी दिसतो आणि चित्राखाली त्याचा खुलासा नाही, रॉटिफर या पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्याला मी एकपेशीय म्हटले आहे, एकाही चित्रावर जिवाचा खरा आकार सांगणारी मोजपट्टी नाही, आणि शेवटचे वाक्य असे : “यंत्राने काढलेल्या फोटोत संगणकावर रंग भरून त्याला कला म्हणणे ही वाचकांची फसवणूक आहे.”

रॉटिफरबद्दल आपले बरोबर आहे. तो सुमारे हजार पेशींचा प्राणी आहे, एकपेशीय नव्हे. घाईत लिहिलेली ती ओळ चुकीची होती आणि ती दाखवून दिल्याबद्दल मी आपली आभारी आहे.

परंतु शेवटच्या वाक्याबद्दल मला सविस्तर बोलले पाहिजे. “हे रंग कसे आले?” असे आपण विचारले असते, तर मी चार ओळींत आनंदाने सांगितले असते. आपण विचारले नाही, थेट निकाल दिला. आमच्या खानदेशात फसवणूक म्हणजे काय हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते; कापूस मोजताना व्यापारी काटा मारतो, तिला फसवणूक म्हणतात. टोपणनावाआडून तोच शब्द एखाद्याच्या कित्येक महिन्यांच्या कामावर फेकण्याआधी माणसाने थोडे थांबायला हवे होते.

तो सोनेरी रंग संगणकात भरलेला नाही. १८९६ साली ज्युलियस ऱ्हाइनबर्ग यांनी मांडलेल्या प्रकाशयोजनेने तो मिळतो, आणि ती योजना मी स्वयंपाकघरातील टेबलावर हाताने करते. रंगीत पारदर्शक कागदाची गोल चकती कापायची : मध्ये गडद निळ्याचे वर्तुळ, त्याभोवती नारिंगीकडे झुकणाऱ्या पिवळ्याचे कडे. ही चकती सूक्ष्मदर्शकाच्या कंडेन्सरखाली, म्हणजे थेंबावर खालून उजेड एकवटणाऱ्या भागाखाली, ठेवली की मधला निळा प्रकाश सरळ भिंगात शिरतो आणि पार्श्वभूमी निळी होते. कड्यातून येणारा पिवळा प्रकाश इतका तिरपा असतो की एरवी तो भिंगात पोहोचतच नाही, वाटेत एखादा जीव आला तरच त्याच्यावर आपटून आत वळतो. म्हणजे चित्रातले सोने त्या जीवाने स्वतःच्या अंगावर घेतलेल्या उजेडाचे आहे. मधले वर्तुळ किंचित लहान झाले तर पिवळा उजेड पार्श्वभूमीत झिरपून सगळे गढूळ होते. अवाजवी मोठे झाले तर जीवच मंदावतो. दहापट भिंगासाठी कापलेले वर्तुळ चाळीसपट भिंगाला पुरत नाही. माझ्याकडे एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात अशा चकत्या आहेत. त्यांतल्या बहुतेक फसलेल्या आहेत आणि प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलीने भिंग आणि तारीख लिहिलेली आहे. संगणकावर मी धुळीचे ठिपके पुसते, डायटम या काचेसारखे कवच असलेल्या स्थिर एकपेशीय शैवालाची वेगवेगळ्या खोलीवर घेतलेली चित्रे एकत्र जोडते आणि क्वचित उजेड-अंधारातला फरक थोडा वाढवते. याला रंग भरणे म्हणत नाहीत.

‘खऱ्या’ रंगाचा आग्रहच धरायचा तर आपण पहिली तक्रार शाळेच्या प्रयोगशाळेत नोंदवायला हवी होती. कांद्याच्या पापुद्र्याला आपण सॅफ्रॅनिन हा लाल रंग लावतो, आणि मग वहीत गुलाबी पेशी काढतो; कांदा काही गुलाबी पेशींनी भरलेला नसतो. हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने आजही जिवाणू जांभळे आणि गुलाबी रंगवले जातात, आणि त्या रंगावरून रोगनिदानाला दिशा मिळते. तिथे रंग थेट पेशीत मुरवतात. मी तर त्या जीवाला हातही लावत नाही, फक्त त्याच्याखालचा उजेड बदलते. तरी फसवणूक माझी!

आता ‘यंत्राने काढलेला फोटो’. मी २७ वर्षे जीवशास्त्र शिकवले. ज्या शाळेत माझी नोकरी सुरू झाली, तिथला एकमेव सूक्ष्मदर्शक कुलूपबंद कपाटात असे आणि तपासणीच्या दिवशीच बाहेर निघे. मुले पुस्तकातले पॅरामेशियम बघून पॅरामेशियम काढत. ते कपाट उघडून घ्यायला मला दोन वर्षे लागली. ज्या मुलीने पहिल्यांदा हौदाच्या पाण्यातले पॅरामेशियम पाहिले, ती डोळा न हलवता म्हणाली, “बाई, हे तर पळतंय.” तेव्हापासून मी थेंब बघते आहे. यंत्र आपोआप चित्र काढते असे ज्यांना वाटते, त्यांनी जळगावच्या वैशाखात एकदा काचपट्टीवर थेंब ठेवून पाहावा. पंखा लावला तर टेबल थरथरते, बंद ठेवला तर घामाने आयपीस धुरकट होते, आणि थेंबावर ठेवायच्या पातळ काचेच्या, कव्हरस्लिपच्या, कडांना व्हॅसलीन लावले नाही तर काही मिनिटांतच थेंब आटून आतले सगळे जीव काचेला चिकटतात.

ज्या चित्रावर आपण आक्षेप घेतला आहे, ते सप्टेंबरअखेर तापीकाठच्या एका डबक्यातील पाण्याचे आहे. व्हॉल्वॉक्सचा गोल जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. बाटली उन्हात धरली तर नुसत्या डोळ्यांनाही हिरवे कण लोळताना दिसतात. त्याच्या पोटात सहा पिल्ले-गोल होते. सकाळी सात वाजल्यापासून मी डोळा लावून बसले होते. साडेदहाच्या सुमारास गोलाची भिंत एका बाजूने उसवली, पहिले पिल्लू अर्धे बाहेर येऊन अडकले, जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या आणि सुटले. आईचा गोल मग रिकाम्या पिशवीसारखा सुरकुतत गेला. चित्रात आहे तो अडकलेला क्षण. कोणती चकती, किती उजेड, नेमके कधी बटण दाबायचे, हे यंत्राने ठरवले नाही. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारे डच निरीक्षक लेव्हेनहूक १७००च्या सुमारास हाच जीव पाहून थक्क झाले होते, आणि आपल्या पत्रांतली चित्रे ते चित्रकाराकडून काढून घेत. म्हणून पाहणे त्यांचे नव्हते असे कोणी म्हणत नाही.

आणि हे प्रश्न निदान खानदेशात तरी विचारले जाऊ नयेत. चाळीसगावच्या आपल्या घरातून क्वचितच बाहेर पडणाऱ्या केकी मूस यांनी टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड रचून, खऱ्या वाटणाऱ्या दृश्यांची छायाचित्रे काढली. त्यांना कोणी फसवे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांच्याशी मी माझी बरोबरी करत नाही. परंतु उजेड रचणे हे काम आहे, हे मी तिथली चित्रे पाहून शिकले. माझी चित्रे मात्र एका कलाप्रदर्शनातून ‘हे विज्ञान आहे’ म्हणून परत आली, आणि एका विज्ञान प्रदर्शनातून ‘हे कलेत द्या’ म्हणून. दोन्ही ठिकाणी निदान समोर बसून सांगितले गेले.

मोजपट्टीचा मुद्दा संशोधनलेखासाठी योग्य आहे. ही मालिका संशोधनलेख नाही, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही. खुलाशाबद्दल इतकेच, की चित्रकार आपल्या चित्राखाली रंग कसा कालवला ते लिहीत नाही, आणि त्यासाठी त्याला कोणी जाब विचारत नाही.

रॉटिफरच्या चित्राखालची ओळ आज सकाळी दुरुस्त केली आहे. व्हॉल्वॉक्सच्या चित्राखालची ओळ आहे तशीच राहील.